गालिच्यावर नाव कुणाचे?

समरकंद आणि बुखारा ही दोन नावे आपल्या जलशांत फार स्वस्त झाली आहेत. वक्ता इस्लामी तहजीबचा गौरव सांगू लागला की पाचव्या मिनिटाला तिथे पोचतो. निळे घुमट, रेशमी चोगे, बुखारी गालिचे. टाळ्या पडतात. माझा आक्षेप त्या टाळ्यांवर आहे. ज्या ‘बुखारी’ गालिच्याचा आपण एवढा अभिमान बाळगतो, तो बुखाऱ्यात विणलेलाच नसतो. वक्त्याला हे ठाऊक नसते आणि ऐकणाऱ्याला जाणून घ्यायचे नसते.

तांबड्या जमिनीवर ओळीने मांडलेली अष्टकोनी ‘गुल’ असलेला तो गालिचा तुर्कमेन बायकांचा आहे. तेक्के, सालोर, सारिक, योमुत, एरसारी अशा त्यांच्या टोळ्या. आई मुलीला शिकवी, मुलगी आपल्या मुलीला. या बायकांनी शोभेच्या वस्तू विणल्या नाहीत, संसार विणला. तंबूच्या दाराचा पडदा म्हणजे एन्सी. सामान भरून ठेवायची मोठी थैली म्हणजे चुवाल. नवरी ज्या उंटावर बसून सासरी जायची, त्या उंटाच्या दोन्ही अंगांना सोडायची झूल म्हणजे असमालिक. हा माल बुखाऱ्याच्या बाजारात विकला गेला आणि व्यापाऱ्यांनी त्याला बाजाराचे नाव देऊन टाकले. पुढे पाश्चात्त्य दुकानदारांनी तेक्के गालिच्याला ‘रॉयल बुखारा’ आणि तंबूच्या दारावरच्या पडद्याला ‘प्रिन्सेस बुखारा’ म्हणायला सुरुवात केली. मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या बाईने वारा अडवायला विणलेला पडदा राजकन्येचा झाला! आज तर पाकिस्तानात आणि भारतातही ‘बुखारा’ नावाचे गालिचे विणले जातात. ‘समरकंदी’ गालिच्यांचीही तीच गत. ते विणले जात खोतान, यारकंद, काशगर या पूर्व तुर्कस्तानातल्या गावांत. समरकंदला त्यांची विक्री होई, एवढाच समरकंदचा संबंध.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? वस्तू सुंदर आहे ना, मग झाले! हा युक्तिवाद नेहमी ज्याचे नाव आधीच कोरले गेले आहे तोच करतो. ज्याचे पुसले गेले, त्याला विचारा. बादशहाच्या मदरशावर त्याचे नाव असते. उलुगबेगाचा मदरसा कुणाचा, हे शाळकरी पोरही सांगेल. सुझनीवर मात्र कुणाचे नाव असते?

सूझन म्हणजे सुई. सुझनी म्हणजे सुईकाम. नुराता, शहरिसब्ज, बुखारा, समरकंद, ताश्कंद ही त्याची ठिकाणे. सुती कापडाचे अरुंद पट्टे आधी कच्च्या टाक्यांनी जोडायचे. त्यावर नक्षी काढणारी जाणती बाई फुले, वेली, डाळिंबे आखून देई. मग टाके उसवून एकेक पट्टा आईने, मावशीने, बहिणीने भरायला घ्यायचा. सगळे भरून झाले की पट्टे पुन्हा शिवायचे. म्हणूनच जुन्या सुझनीत एखाद्या फुलाच्या दोन अर्ध्या भागांचे टाके जुळत नाहीत, रंगही किंचित वेगळा दिसतो. त्या एका फुलात दोन बायकांचे हात आहेत. आज या सुझन्या जगभरच्या संग्रहालयांत काचेआड आहेत. शेजारच्या चिठ्ठीवर गाव असते, शतक असते. बाई नसते.

आता ‘इस्लामी’ या शब्दाकडे वळू. मी मुसलमान आहे, उर्दू शाळेत शिकवते, मला हा शब्द परका नाही. पण तो वापरताना हिशेब चोख हवा. फरगाना खोऱ्यातल्या मर्गिलानचे अतलस आणि अदरस हे कापड घ्या. त्या कलेला अब्रबंदी म्हणतात. अब्र म्हणजे ढग. ताण्याचे धागे ठिकठिकाणी बांधून रंगात बुडवायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे आणि मग मागावर चढवायचे. त्यामुळे नक्षीच्या कडा ढगासारख्या पसरतात. एकोणिसाव्या शतकात यातला लाल-पिवळा रंग बहुधा ताजिक रंगारी चढवत, तर निळीचे काम मुख्यतः बुखारी यहुद्यांच्या हाती होते. आणि ती नीळ पुष्कळशी हिंदुस्थानातून काफिल्यांबरोबर जात असे. मुसलमान अमिराच्या अंगावरच्या चोग्यात यहुद्याची निळी बोटे आणि हिंदुस्थानी शेतकऱ्याचा घाम होता. हे सांगितल्याने आपली तहजीब लहान होते असे ज्यांना वाटते, त्यांना तहजीब कळलेली नाही.

धर्माचे खरे काम दिसते ते दुसरीकडे. पुरुषाला शुद्ध रेशीम वर्ज्य, म्हणून अदरसमध्ये ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. आपल्याकडचा मश्रू याच तोडग्यातून आला. मश्रू म्हणजेच शरीयतला मान्य. औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरूही रेशीम-सुताचाच. मनाईतून वाट काढून नवे कापड निर्माण करणारा तो विणकर आपल्या भाषणांत का येत नाही?

आणि सूत म्हटले की कापूस आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीत कापसाचा पुरवठा तुटला. आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस मँचेस्टरसाठी सोन्याच्या भावाने गेला, तेव्हाच रशियाच्या गिरण्यांनाही कापसाची चणचण भासली. १८६५ मध्ये रशियाने ताश्कंद घेतले, १८६८ मध्ये समरकंद. जिंकण्याची कारणे अनेक असतील, पण पुढे त्या भूमीवर कापूस हीच सक्ती झाली. सोव्हिएत राजवटीने ती पराकोटीला नेली. अमू आणि सिर या नद्यांचे पाणी कापसाकडे वळवले आणि १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. १९९१ मध्ये उझबेकिस्तान स्वतंत्र झाला, तरी कापसाची बेगारी संपली नाही.

ती बेगारी कोण करत होते? शाळेतली मुले आणि त्यांचे शिक्षक. दर शरदात वर्ग बंद, सगळे शेतावर, प्रत्येकाला ठरवून दिलेला कापूस वेचायचा. २०१२ च्या सुमारास लहान मुलांना सोडले, पण शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी यांना नेणे चालूच राहिले. जनगणना आणि मतदारयाद्यांच्या कामाने कावलेल्या आम्हा शिक्षकांना यातली चीड समजावून सांगावी लागू नये. ३०० हून अधिक कंपन्यांनी हा कापूस न घेण्याची प्रतिज्ञा केली. २०१७ मध्ये सरकारने शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना शेतावरून परत बोलावले. २०२१ च्या हंगामात पद्धतशीर सक्ती संपल्याचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने म्हटले आणि मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. मला विचारायचे आहे ते एवढेच : ही सारी वर्षे आपल्या जलशांत समरकंदचा गौरव चालू होता. त्यात समरकंदच्या त्या शिक्षिकेसाठी एक वाक्य तरी होते का? ती कलमा पढणारीच होती ना?

नव्हते. कारण आपल्याला घुमट हवे आहेत, हात नको आहेत. आणि ही सवय परदेशापुरती नाही. ‘आमचे पूर्वज बुखाऱ्याहून आले’ असे मिशीला पीळ देऊन सांगणारी घराणी आपल्यात आहेत. त्याच घराण्यांत ‘जुलाहा’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. मुलीचे स्थळ पाहताना मोमीन-अन्सारी म्हटले की नाक मुरडले जाते. बुखाऱ्याचे कापड चालते, कापड विणणारी बिरादरी चालत नाही! मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर रात्रपाळी करणाऱ्यांच्या घामाला आपल्या गौरवगाथेत जागा नसेल, तर मर्गिलानच्या विणकराबद्दलचे आपले कौतुकही खोटे आहे. कुराण-हदीसचा हवाला देऊन मेहनतीची कमाई पाक असल्याचे आपण मिंबरवरून सांगतो आणि दस्तरखानावर जात विचारतो.

यावर काही जण म्हणतील, बाहेरून आधीच इतके हल्ले होत असताना बाई, तुम्ही घरातली धुणी कशाला काढता? कोणी उठसूट ‘बाबराची औलाद’ म्हणून हिणवावे आणि आपण उत्तरादाखल खरोखरच बाबराच्या फरगान्यावर हक्क सांगावा, हे उत्तर नव्हे. तो त्यांनीच आखलेला नकाशा आहे. आपले नाते बाबराच्या तख्ताशी जोडायचे की त्याच फरगान्यात ताणा बांधणाऱ्या कारीगराशी, हे आपण ठरवू शकतो. तख्ताशी जोडले तर आपण नुसते वारस होतो. कारीगराशी जोडले तर हिंदू कोष्टी, यहुदी रंगारी, तुर्कमेन विणकरीण हे सगळे आपले सगेसोयरे होतात.

म्हणून पुढच्या जलशात कुणी बुखारी गालिचा अंथरला, तर त्याला विचारा, कुणी विणला? कितीला विकला? विणणारीच्या हाती काय पडले? उत्तर येत नसेल तर टाळ्या वाजवू नका.