डॉक्टरकीची स्वस्त वाट, वेळापत्रकाचा महाग हिशेब

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी कर्जाचे नियम जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने बदलले. पूर्वी 'ग्रॅड प्लस' योजनेतून शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके कर्ज घेता येत असे. नव्या कर्जदारांसाठी ही योजना १ जुलै २०२६ पासून बंद करण्याची तरतूद या कायद्यात आहे. डॉक्टरकीसारख्या व्यावसायिक पदव्यांसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर अशी कर्जाची कमाल मर्यादा त्यात घालण्यात आली आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत चार वर्षांचे शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून ही रक्कम सहज ओलांडली जाते. त्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचण्यापूर्वीच्या वर्षांवर किती खर्च करायचा, हा प्रश्न मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी पूर्वीपेक्षा अधिक गंभीर झाला आहे. या पार्श्वभूमीवर कम्युनिटी कॉलेजांकडे नव्याने लक्ष वेधले जात आहे.

भारतात बारावीनंतर 'नीट' परीक्षा देऊन विद्यार्थी थेट एमबीबीएसला प्रवेश घेतो. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. आधी चार वर्षांची पदवी, त्या काळात ठरावीक विज्ञान विषय, मग 'एमकॅट' ही प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयाची चार वर्षे, असा तेथील क्रम आहे. पदवीची पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात आणि पुढची दोन विद्यापीठात पूर्ण करण्याची मुभा विद्यार्थ्याला असते. या बदलाला 'ट्रान्सफर' म्हणतात.

उघडे दार

कम्युनिटी कॉलेजांची परंपरा जुनी आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय हे आजही चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. कॅलिफोर्नियाने १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्यात या महाविद्यालयांना निश्चित स्थान दिले. कम्युनिटी कॉलेजे, राज्य विद्यापीठे आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ अशी त्रिस्तरीय रचना त्यातून उभी राहिली. या राज्यात आज ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत.

शुल्कातील तफावत मोठी आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटसाठी ४६ डॉलर भरावे लागतात आणि हा दर २०१२ पासून कायम आहे. ट्रान्सफरसाठी लागणाऱ्या ६० युनिटांचा हिशेब केला तर दोन वर्षांचे शुल्क २,७६० डॉलर होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात नव्या विद्यार्थ्याला एका वर्षासाठीच १४ हजार डॉलरहून अधिक शुल्क मोजावे लागते.

या वाटेने डॉक्टर होता येते का, या प्रश्नाचे उत्तर आकडेवारीतून मिळते. 'अकॅडेमिक मेडिसिन' या नियतकालिकात २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक विद्यार्थ्यांनी कधी ना कधी कम्युनिटी कॉलेजात शिक्षण घेतले होते, असे त्यात आढळले. मात्र या संख्येत शाळेत असतानाच एखादा विषय तेथे घेणारे किंवा उन्हाळी सत्रापुरते जाणारे विद्यार्थीही आहेत. शालेय शिक्षणानंतर कम्युनिटी कॉलेजातूनच सुरुवात करणाऱ्यांना प्रवेश मिळण्याची शक्यता तुलनेने कमी असल्याचेही याच अभ्यासाने नोंदवले.

दार उघडे असूनही आत पोहोचणारे कमी का, याचे एक महत्त्वाचे कारण विज्ञान विषयांच्या क्रमात आहे.

रसायनशास्त्राच्या पाच पायऱ्या

बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या अपेक्षा सारख्याच असतात. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रात्यक्षिकांसह प्रत्येकी एक वर्ष घ्यावे लागतात. २०१५ मध्ये एमकॅटचे स्वरूप बदलले. जीवरसायनशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा त्यात समावेश झाल्याने या विषयांची तयारीही आवश्यक ठरली.

यांतील रसायनशास्त्राची साखळी सर्वांत लांब आहे. सामान्य रसायनशास्त्राची दोन सत्रे, त्यानंतर सेंद्रिय रसायनशास्त्राची दोन आणि शेवटी जीवरसायनशास्त्राचे एक, अशी ती पाच सत्रांची साखळी आहे. आधीची पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची घेता येत नाही आणि दोन पायऱ्या एकाच सत्रात उरकता येत नाहीत. कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांत मुख्य सत्रे चारच असतात. पहिल्याच सत्रात सामान्य रसायनशास्त्र सुरू केले, तर चौथ्या सत्राअखेर सेंद्रिय रसायनशास्त्र संपते. मग विद्यापीठात गेल्यावर जीवरसायनशास्त्र, वसंत ऋतूत एमकॅट आणि जूनमध्ये अर्ज, असा क्रम जेमतेम जुळतो. या वेळापत्रकात एका सत्राचीही सवड राहत नाही.

प्रत्यक्षात अनेकांची सुरुवात पहिल्या पायरीच्याही खालून होते. शाळेत रसायनशास्त्र पुरेसे न झालेल्या विद्यार्थ्याला आधी प्राथमिक रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम घ्यावा लागतो. गणिताची पूर्वअट पूर्ण नसेल, तर आणखी एक सत्र खर्ची पडते. लहान महाविद्यालयांत सेंद्रिय रसायनशास्त्राचा पहिला भाग वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर एका सत्राचा उशीर वर्षभराचा होतो. वर्गातील जागा भरल्या असतील, तरी तोच परिणाम होतो. पहिल्या वर्षीचा एक चुकीचा निर्णय अशा प्रकारे तिसऱ्या वर्षी भोवतो.

गणिताच्या बाबतीत कॅलिफोर्नियाने काही सुधारणा केल्या आहेत. विद्यार्थ्यांना श्रेयांक न देणाऱ्या पूर्वतयारीच्या वर्गांत अडकवून ठेवण्यावर २०१७ च्या कायद्याने निर्बंध आणले. २०२२ च्या कायद्याने ते अधिक कडक केले. यामुळे वाया जाणारी सत्रे कमी होण्यास मदत झाली, तरी रसायनशास्त्राची साखळी आहे तितकीच लांब आहे.

नावे सारखी, उपयोग वेगळे

दुसरी अडचण अभ्यासक्रमांच्या निवडीची आहे. आरोग्यक्षेत्रात जायचे, एवढेच ठरवून प्रवेश घेणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. परिचर्या अभ्यासक्रमासाठी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्राचा एखादा संक्षिप्त अभ्यासक्रम सहसा पुरतो. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याला मात्र विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी असलेले जीवशास्त्र व रसायनशास्त्राचे पूर्ण वर्षाचे अभ्यासक्रम घ्यावे लागतात. परिचर्येच्या वाटेवर वर्षभर चालून नंतर डॉक्टरकीकडे वळणाऱ्याला पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. फार्मसी, फिजिओथेरपी किंवा फिजिशियन असिस्टंट या अभ्यासक्रमांच्या अपेक्षाही परस्परांपासून भिन्न आहेत.

तिसरी अडचण विद्यापीठाच्या मान्यतेची आहे. महाविद्यालयातील कोणता विषय विद्यापीठातील कोणत्या विषयाशी समकक्ष धरला जाईल, हे करारांनी ठरते. कॅलिफोर्नियात हे करार 'असिस्ट' या सार्वजनिक संकेतस्थळावर पाहता येतात. तथापि प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक विभागाचा करार वेगळा असू शकतो. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत वर्षाची दोन सत्रे असतात, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, डेव्हिस आणि अर्व्हाइन या परिसरांत वर्ष तीन सत्रांत विभागलेले असते. त्यामुळे रसायनशास्त्राचा अर्धा भाग एकीकडे आणि उरलेला दुसरीकडे केला, तर विषयाचा काही भाग दोनदा शिकावा लागतो किंवा सुटून जातो. सुरू केलेली मालिका त्याच संस्थेत पूर्ण करावी, हा सल्ला त्यासाठीच दिला जातो.

ट्रान्सफरच्या वेळी किती श्रेयांक वाया जातात, याची पाहणी अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने केली होती. २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ४३ टक्के श्रेयांक गमावले, असा अंदाज तिच्या २०१७ च्या अहवालात आहे. हा आकडा सर्व प्रकारच्या संस्थाबदलांचा आहे. एका राज्यातील सार्वजनिक संस्थांमधील करार पाळून केलेल्या ट्रान्सफरमध्ये हे नुकसान टाळणे अधिक शक्य असते.

घाई आणि गुण

ही गणिते पाहून सर्व विज्ञान विषय एकदम घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु एकाच सत्रात रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकांसह घेणे आणि जोडीला नोकरी करणे, हे अनेकांना झेपत नाही. येथे घसरलेले गुण पुढे पुसले जात नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या केंद्रीय अर्जप्रणालीत पदवीपर्यंतच्या प्रत्येक महाविद्यालयातील गुण द्यावे लागतात. एखादा विषय पुन्हा घेतला, तर पहिले आणि दुसरे असे दोन्ही गुण मोजले जातात. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते.

काही वैद्यकीय महाविद्यालये पायाभूत विज्ञान विषय चार वर्षांच्या विद्यापीठातच शिकलेले असावेत, असे सुचवतात. अनेक महाविद्यालये कम्युनिटी कॉलेजातील विषय मान्य करतात, पण विद्यापीठात गेल्यावर वरच्या श्रेणीचे विज्ञान विषय चांगल्या गुणांनी पूर्ण केलेले पाहू इच्छितात. विज्ञानाच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रेही लागतात. ट्रान्सफर झालेल्या विद्यार्थ्याने विद्यापीठातील पहिल्याच वर्षाच्या अखेरीस अर्ज केला, तर त्याच्याजवळ तेथील एका वर्षाचेच गुण असतात आणि प्राध्यापकांशी ओळखही नुकतीच झालेली असते.

म्हणूनच पदवीचे शेवटचे वर्ष पूर्ण करताना अर्ज करणे आणि वैद्यकीय शिक्षण एका वर्षाने उशिरा सुरू करणे, हा अनेकांसाठी अधिक सुरक्षित मार्ग ठरतो. आधीपासून ठरवलेले हे एक वर्ष रुग्णालयातील अनुभव किंवा एमकॅटच्या तयारीसाठी उपयोगी पडते. नियोजन नसल्याने वाढलेले वर्ष मात्र मदतीचा साठा संपवते. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या केंद्रीय 'पेल' अनुदानाची मर्यादा आयुष्यभरात पूर्णवेळ बारा सत्रांइतकी आहे. पुन्हा घ्यावा लागलेला प्रत्येक विषय त्याच साठ्यातून खर्च होतो.

भारतीय कुटुंबांसाठी वेगळी बाब

कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, टेक्सास या राज्यांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने व्हिसाचा प्रश्नही या नियोजनाचा भाग आहे. एच-१बी व्हिसाधारकांच्या मुलांचा आश्रित दर्जा वयाच्या २१ व्या वर्षी संपतो. म्हणजे ट्रान्सफर आणि अर्ज यांच्या ऐन मध्यावर तो बदलण्याची वेळ येऊ शकते. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना बहुतेक अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालये प्रवेशासाठी विचारात घेत नाहीत. कम्युनिटी कॉलेजात त्यांना रहिवाशांचा शुल्कदर सहसा लागू होत नाही आणि केंद्रीय शिक्षणकर्जही मिळत नाही. भारतातून थेट या मार्गाने जाण्याचा विचार करणाऱ्यांनी ही बाब आधी तपासणे आवश्यक आहे.

नियोजनाचा भार कोणावर?

देशभरात कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थीच पुढे चार वर्षांच्या संस्थेत जातात. सहा वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्के आहे. त्याच वेळी २०३६ पर्यंत अमेरिकेत ८६ हजारांपर्यंत डॉक्टरांची कमतरता भासू शकते, असा अंदाज तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०२४ मध्ये व्यक्त केला. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. त्यानंतर समाजाच्या सर्व स्तरांतून डॉक्टर घडवायचे असतील, तर कम्युनिटी कॉलेजचे महत्त्व अधिकच वाढते.

या दिशेने काही पावले पडली आहेत. कॅलिफोर्नियात २०२१ च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजातील विद्यार्थ्यांना वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत मार्गदर्शन देणारी 'कॅलिफोर्निया मेडिसिन स्कॉलर्स' ही योजना आखण्यात आली. ट्रान्सफरसाठी राज्यातील दोन्ही विद्यापीठ व्यवस्थांना चालेल असा सामान्य शिक्षणाचा एकच आराखडा २०२५ च्या शरद सत्रापासून लागू झाला. समान विषयाला सर्व महाविद्यालयांत समान क्रमांक देण्याचा २०२१ चा कायदाही टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे.

या उपायांनी गोंधळ कमी होईल, पण पाच सत्रांची साखळी विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगणारी व्यक्ती तरीही लागेल. ज्यांच्या घरात डॉक्टर किंवा पदवीधर आहेत, त्यांना हे घरीच कळते. घरातून प्रथमच महाविद्यालयात येणाऱ्याला ते समुपदेशकाकडून कळावे लागते, आणि तोपर्यंत अनेकदा एक-दोन सत्रे उलटून गेलेली असतात. एमकॅटच्या अपेक्षित महिन्यापासून मागे मोजत पहिल्या सत्राचे विषय ठरवणे, हे काम विद्यार्थ्याचे खरे. तथापि हा हिशेब प्रत्येकाला प्रवेशाच्या वेळीच मांडून देणे ही महाविद्यालयाची जबाबदारी आहे. कर्जाची मर्यादा घट्ट झालेल्या काळात ती पार पडली नाही, तर स्वस्त शुल्काने वाचवलेली रक्कम वाया गेलेल्या वर्षांत खर्च होईल.