कागदी वंशावळ

मूर्ति कोणाकडून कोणाकडे गेली याचा शोध घेतल्यावांचून आपण खरेदी करीत नाहीं, असें मोठमोठीं वस्तुसंग्रहालयें सांगत असतात. हा शोध कसला असतो तें ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनें दाखवून दिलें आहे. २००८ सालीं तिनें न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर याजकडून चोलकालीन नटराज सुमारें ५० लक्ष अमेरिकन डॉलरांस घेतला. सोबतच्या कागदांप्रमाणें मूर्ति १९७१ पूर्वींच दिल्लींतील एका सुदानी राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरीं गेलेली होती. साल किती सोयीचें! पुराणवस्तूंचा कडक कायदा १९७२ चा. इतके जुळणारे गुण पाहून मुलीचा बापहि चौकशीस निघाला असता. शिवाय १९४७ च्या कायद्यानेंहि निर्यातीस परवाना लागतच होता. त्याची पृच्छा कोणी करावयाची?

चोरीच्या नोंदींत नांव नाहीं, हा दुसरा आधार. पण तमिळनाडूंतील श्रीपुरंथानच्या कुलूपबंद देवळांतून काय गेलें हें गांवासच ठाऊक नसतां नोंद करणार कोण? त्याच देवळांत १९९४ सालीं घेतलेलें मूर्तीचें छायाचित्र पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमध्यें होतें. तें पुढें येतांच कागद खोटे ठरले. २०१४ सालीं मूर्ति परत आली. २०२२ सालीं कुंभकोणमच्या न्यायालयानें कपूर यास दहा वर्षांची शिक्षा दिली.

'सद्भावनेनें घेतली' हा बचाव आम्हांस मान्य नाहीं. विकणाऱ्यानेंच आणलेले कागद वाचणें हें संशोधन नव्हे. खरेदीपूर्वींच मूर्तीचें छायाचित्र व कागद उघड प्रसिद्ध व्हावे, आणि पुदुच्चेरीस पत्र धाडावें. टपालखर्च ५० लक्ष डॉलरांहून खचित कमी येतो.