उन्हातले श्रोते आणि आयोजकांचे दायित्व

१६ एप्रिल २०२३ रोजी, रविवारी, पनवेल तालुक्यातील खारघर येथे अप्पासाहेब धर्माधिकारी यांना 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार प्रदान करण्यात आला. सोहळा राज्य सरकारचा होता. केंद्रीय गृहमंत्री, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री व्यासपीठावर होते, आणि समोरच्या विस्तीर्ण मैदानावर राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेले लाखो श्रीसदस्य बसले होते. व्यासपीठावर छप्पर होते; मैदानावर मात्र आकाशाखेरीज दुसरे आच्छादन नव्हते. दुपारी एकच्या सुमारास समारंभ आटोपला. त्यानंतर उष्माघाताने बाधित झालेल्यांची रुग्णालयांत रीघ लागली आणि अखेरीस चौदा जणांना प्राणास मुकावे लागले. वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर झाले, एका ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याची चौकशी समिती नेमण्यात आली, आणि उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच या वेळात उघड्यावर सार्वजनिक कार्यक्रम घेऊ नयेत, असा निर्णयही सरकारने जाहीर केला. शोक, मदत, समिती आणि निर्बंध असा हा नेहमीचा क्रम होय. तथापि मूळ प्रश्नाला या क्रमाने स्पर्श केला, असे म्हणता येत नाही.

अडतीस अंशांचा अर्थ

त्या दिवशी जवळच्या हवामान केंद्रावर कमाल तापमान सुमारे अडतीस अंश नोंदले गेले होते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीसपर्यंत चढतो. मग अडतीस अंशांत माणसे कशी दगावली, अशी शंका अनेकांनी बोलून दाखविली. तिचे उत्तर किनाऱ्यावरील दमट हवेत आहे. घाम वाळला तरच शरीर थंड होते. खाडीकाठच्या बाष्पयुक्त हवेत तो वाळतच नाही. म्हणूनच उष्णतेची लाट ठरविताना हवामान खाते मैदानी प्रदेशासाठी चाळीस अंशांची किमान मर्यादा धरते, तर किनारपट्टीसाठी ती सदतीस अंशांची आहे. शिवाय हे मोजमाप सावलीतले असते. उघड्या मैदानात, दाटीवाटीने बसलेल्या माणसाला सोसावा लागणारा ताप त्याहून कितीतरी अधिक असतो. हे ज्ञान नवे किंवा दुर्मीळ नाही. २०१० मधील भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्माविरोधी आराखडा अमलात आणला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये मोठ्या जनसमुदायाच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. उणीव होती ती माहितीची नव्हे, तर दायित्वाच्या जाणिवेची.

कार्यक्रम सुरू केव्हा होतो?

आयोजकांच्या लेखी कार्यक्रम दीपप्रज्वलनाने सुरू होतो आणि आभारप्रदर्शनाने संपतो. श्रोत्यांच्या दृष्टीने तो कितीतरी आधी सुरू झालेला असतो. खारघरला अनेकजण पहाटेपासून, काही तर आदल्या रात्रीपासून येऊन बसले होते. सोहळा उरकेपर्यंत त्यांच्या अंगावरून अर्ध्या दिवसाचे ऊन गेले होते. नंतर लाखोंच्या गर्दीतून वाट काढीत, दूरवर उभ्या केलेल्या गाड्यांपर्यंत भर दुपारी चालत जायचे होते. बारा ते पाचच्या निर्बंधातील उणीव नेमकी येथे आहे. सकाळी अकराला आटोपणारा कार्यक्रम या नियमाला धरूनच होईल. पण परतणारा श्रोता माध्यान्हीच्या उन्हात सापडेल. सायंकाळी सहाला सुरू होणारा कार्यक्रमही नियमात बसेल; पण पुढची जागा मिळावी म्हणून श्रोता तीनपासून रांगेत उभा असेल. १० मे २०१७ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जस्टिन बीबर या पाश्चात्त्य गायकाचा कार्यक्रम झाला. अशा जलशांत गायन रात्रीचे असले, तरी रांग दुपारचीच असते.

परदेशातही याहून निराळे घडत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्राझीलमधील रिओ शहरात टेलर स्विफ्ट या गायिकेच्या कार्यक्रमास आलेली एक तरुणी तीव्र उष्म्याने मरण पावली. प्रेक्षकांना पाण्याच्या बाटल्या आत नेण्यास मनाई होती. ती उठविण्यासाठी तेथील सरकारला दुसऱ्या दिवशी आदेश काढावा लागला. व्यासपीठावर उभा राहणाराही सुरक्षित असतोच असे नाही. २४ एप्रिल २०२४ रोजी पुसद येथील प्रचारसभेत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी भाषण करता करता भोवळ येऊन कोसळले. त्यांच्याभोवती मदतीस धावणारी माणसे होती. ध्वनिवर्धक सांभाळणारा कामगार, लेझीम खेळणारी शाळकरी मुले किंवा ढोलवादक यांच्यासाठी असे कोण धावणार?

खर्च कोणाच्या माथी?

अर्थशास्त्रात एक साधे तत्त्व आहे. ज्याचा निर्णय, त्याच्याच माथी खर्च पडला तर निर्णय विचारपूर्वक घेतला जातो. खर्च दुसऱ्यावर ढकलता आला की बेफिकिरी वाढते. मांडव, पाणी, वैद्यकीय पथके आणि वाहने यांना पैसे पडतात. श्रोत्याला चार तास आधी बोलावून उन्हात बसविण्यास आयोजकाला काहीच पडत नाही. उलट भरलेले मैदान ही त्याची मिळकत असते. मग ती तिकिटांच्या रूपाने येवो, प्रतिष्ठेच्या रूपाने येवो किंवा मतांच्या. श्रोत्याचा वेळ आणि त्याचे शरीर या फुकटच्या वस्तू ठरल्या, की त्यांची उधळपट्टी होणारच.

लोक स्वेच्छेने येतात, हा यावरील ठरलेला युक्तिवाद. परंतु श्रद्धेने किंवा हौसेने येणे म्हणजे जिवाच्या जोखमीस संमती देणे नव्हे. एकदा गर्दीत बसल्यावर उठून सावली गाठण्याचे स्वातंत्र्य कोणापाशी उरत नाही. छोट्या आयोजकांना हा खर्च झेपणार नाही, हा दुसरा आक्षेप. त्यावर आपल्या परंपरेनेच तोडगा काढून ठेवला आहे. चैत्र-वैशाख हा गावजत्रांचा हंगाम. पाडव्याच्या सुमारास नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे सुपारी द्यायला येतात. तो तमाशा उभा राहतो रात्री. कीर्तन रात्रीचे, दशावतार रात्रीचा. उन्हाळ्यात दिवसा माणसे जमवू नयेत, हे शहाणपण गावकीला होते, आणि त्यासाठी दमडीही पडत नव्हती.

परवान्यातच दायित्व हवे

हलगर्जीपणामुळे मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. परंतु हा कायदा मृत्यूनंतर जागा होतो, आणि शेकडो हातांत वाटलेली हलगर्जी कोणा एकावर सिद्ध करणे दुरापास्त असते. म्हणून दायित्व परवान्यातच लिहून घेतले पाहिजे. प्रवेशापासून कार्यक्रमाच्या आरंभापर्यंत किती वेळ जाईल, याला मर्यादा असावी. जितक्या माणसांना सावली आणि पाणी देता येईल, तितक्यांनाच बोलवावे. कलावंत आणि कामगार यांचा विमा सक्तीचा करावा, मोठी अनामत रक्कम घ्यावी, आणि उत्तरदायी व्यक्तीचे नाव परवान्यावर असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार आरोग्य अधिकाऱ्याला असावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याची बदली होऊ नये.

खारघरला आयोजक सरकारच होते, हे येथे विसरून चालणार नाही. ज्याने परवाना द्यायचा, अटी घालायच्या आणि चूक झाल्यास चौकशी करायची, तोच यजमान असला तर त्याला जाब विचारणार कोण? अशा प्रसंगी चौकशी सरकारबाहेरच्या यंत्रणेकडे सोपविणे आणि तिचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे, एवढे पथ्य तरी पाळले पाहिजे.

अटल सेतू झाला, विमानतळ झाला. पनवेल परिसरात मोठे मेळावे आणि जलसे यापुढे अधिकच भरतील. त्यांना कोणी विरोध करण्याचे कारण नाही. ज्याला आमंत्रण देऊन बोलावले तो सुखरूप घरी पोहोचेपर्यंत यजमानाची जबाबदारी संपत नाही, हा आपल्या घराघरांतला रिवाज आहे. तो मैदानावर लागू करावयाचा आहे, इतकेच.