विद्यापीठाचा विस्तार आणि शेजाऱ्यांचे मत

बाबासाहेब आंबेडकरांनी १९१३ ते १९१६ या काळात जेथे अर्थशास्त्राचे अध्ययन केले, ते न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आपल्याला परके नाही. म्हणूनच त्याने शेजारच्या वेस्ट हार्लेममध्ये १७ एकरांवर जो विस्तार आरंभला, त्याची हकीकत कार्यकर्त्यांनी जाणून घ्यावी. लहान उद्योग व परवडणारी घरे टिकावीत, अशी योजना तेथील स्थानिक मंडळाने स्वतः आखली होती. विद्यापीठाचा प्रस्ताव मंडळाने २००७ मध्ये ३२ विरुद्ध २ मतांनी नाकारला. परंतु मंडळाचे मत केवळ सल्ल्यापुरते! त्याच डिसेंबरात नगर परिषदेने जमीनवापराचे नियम विद्यापीठाच्या सोयीने बदलले. जागा विकण्यास नकार देणाऱ्या मोजक्या मालकांविरुद्ध राज्य सरकारने सक्तीच्या भूसंपादनाचे हत्यार उपसले. सबब काय, तर परिसराला अवकळा आली आहे! त्यातील बहुतेक मालमत्ता एव्हाना विद्यापीठाचीच होती, हे विशेष. अपील न्यायालयाने २००९ मध्ये हे संपादन अवैध ठरवले. राज्याच्या सर्वोच्च पीठाने २०१० मध्ये तो निर्णय फिरवला. ज्ञानदान हे लोकहिताचे कार्य आहे, याविषयी वाद नाही. खाजगी विश्वस्तांच्या संस्थेचा विस्तार म्हणजेच लोकहित, हे समीकरण मात्र समाजवाद्यांनी का मानावे? विद्यापीठाने परिसरासाठी १५ कोटी डॉलर देण्याचा करार केला. निर्णयाचा अधिकार काही दिला नाही.