आधी कर्णधार, मग सामनाधिकारी

सप्टेंबर २०२२, कोइम्बतूर, दुलीप करंडकाचा अंतिम सामना. यशस्वी जैस्वाल फलंदाजाच्या जवळ उभा राहून दक्षिण विभागाच्या रवी तेजाला एकसारखं डिवचत होता. पंचांनी ते पश्चिम विभागाचा कर्णधार अजिंक्य रहाणे याच्या कानावर घातलं. रहाणेनं यशस्वीला समजावलं. तरी तोंड थांबेना, तेव्हा त्याला थेट मैदानाबाहेर धाडलं. बदली खेळाडू मिळाला नाही, काही षटकं पश्चिमचे दहाच जण क्षेत्ररक्षण करत होते. आणि बाहेर गेलेला हा पोरगा कोण, तर त्याच सामन्यात २६५ धावा काढलेला!

डोंबिवलीत वाढलेल्या रहाणेचं कौतुक आमच्या कल्याण-डोंबिवलीत झालंच. पण नाकंही मुरडली गेली. चारचौघांत पोराचा पाणउतारा कशाला? कानउघाडणी ड्रेसिंग रूममध्ये झाली असती. शिवाय शिक्षेला सामनाधिकारी आहे, कर्णधारानं न्यायाधीश का व्हावं?

पाणउताऱ्याचं आधी. शिवीगाळ चारचौघांत चालते आणि समज मात्र दाराआड द्यायची, हा कुठला न्याय? रवी तेजाला त्या संध्याकाळच्या गुप्त कानउघाडणीचा काय उपयोग?

दुसरा आक्षेप वजनदार आहे, पण तो नियमांपुढे टिकत नाही. खेळाडूंच्या वर्तनाचा ४२ वा नियम २०१७ पासून लागू आहे. खेळाडूनं पंचाला दमदाटी केली किंवा इतर कुणाला मारहाणीची धमकी दिली, तर त्याला काही षटकं बाहेर बसवता येतं. मात्र पंच त्याला स्वतः हाकलत नाहीत. ते कर्णधाराला बोलावतात आणि त्याला बाहेर पाठवायला सांगतात. रहाणेनं ती वेळच येऊ दिली नाही.

आणि सामनाधिकाऱ्याच्या ज्या सुनावणीचा एवढा भरवसा, तिची कामगिरी पाहा. २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सचिनसह सहा भारतीयांना शिक्षा केली आणि पत्रकारांसमोर येऊन तोंड मिटून बसले. भांडण इतकं चिघळलं की सेंच्युरियनच्या पुढच्या सामन्याचा कसोटी दर्जाच गेला. २००८ च्या सिडनी कसोटीतल्या शेरेबाजीच्या प्रकरणात माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी ती उठवून निम्म्या मानधनाचा दंड ठेवला. मागाहून कळलं की हरभजनच्या जुन्या गुन्ह्यांची पूर्ण नोंद न्यायमूर्तींपुढे आलीच नव्हती. २०१४ मध्ये ट्रेंट ब्रिजच्या अँडरसन-जडेजा वादात तासन्‌तास साक्षी झाल्या, आणि शेवटी दोघेही निर्दोष. जिथं काय घडलं हेच नक्की ठरत नाही, तिथं काही आठवड्यांनी बसलेला न्यायाधीश तरी काय करणार?

यावर बिनतोड वाटणारं उत्तर मिळतं: सुनील गावसकर. १९८१ मध्ये मेलबर्नला पायचीतच्या निर्णयावर संतापून ते जोडीदार चेतन चौहानांनाही घेऊन मैदान सोडून निघाले. कर्णधारच भडकला तर? रास्त प्रश्न. पण तो सामनाही वाचवला सीमारेषेवर उभ्या असलेल्या व्यवस्थापक दुराणींनी. चौहानांना त्यांनी तिथूनच परत पाठवलं आणि पुढे भारत ५९ धावांनी जिंकला. कुठल्या समितीला ते जमलं असतं?

सुनावण्या मोडीत काढा, असं मी म्हणत नाही. मारामारी झाली की त्या हव्यातच. १९९१ च्या दुलीप अंतिम सामन्यात रशीद पटेल यष्टी घेऊन रमण लांबाच्या मागे धावले. पटेलांना १३ आणि लांबांना १० महिन्यांची बंदी बसली, ती योग्यच होती. माझी तक्रार एवढीच, की किरकोळ गुन्ह्यातही 'खेळाडूनं चूक कबूल केली, सुनावणीची गरज पडली नाही' हे छापील वाक्य आलं की सगळे मोकळे होतात. कर्णधाराला कुणी विचारतच नाही.

जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला प्रेक्षकांतून सिराजला शिव्या आल्या, तेव्हा भारताचा कर्णधार रहाणेच होता. तो पंचांकडे गेला, खेळ थांबला, पोलिसांनी सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. हवं तर मैदान सोडा, असं पंचांनी सुचवलं होतं. रहाणे म्हणाला, आम्ही काही चुकीचं केलेलं नाही, आम्ही खेळणार.