घरच्या खिम्याचा हिशेब

मटणाचे भाव चढले की घरखर्चात पहिली कात्री खिम्याला लागते. तो बिनहाडी मांसाचा, म्हणून दुकानात महाग. मग हाडासकट मटण किंवा अख्खी कोंबडी आणायची, मांस सोडवून घरीच खिमा करायचा, हा मार्ग सुचतो. कोंबडीच्या बाबतीत तो खरोखर फायद्याचा ठरू शकतो. मटणाच्या वजनात मात्र हाडे, पडदे आणि चरबी किती गेली, हे एकदा तराजूवर पाहिल्याशिवाय बचत झाली असे समजू नये. हाडांचा रस्सा होणार नसेल, तर सारा खटाटोप अंगावरच येतो.

पण मुद्दा केवळ पैशांचा नाही. मांसाच्या अखंड तुकड्यात रोगजंतू बहुधा पृष्ठभागावर असतात आणि आच आधी तिथेच लागते. खिमा करताना हाच पृष्ठभाग आतबाहेर मिसळतो. बाहेरचे जंतू गोळ्याच्या पोटात जातात. अमेरिकेत १९९३ मध्ये नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय जंतूचा एक घातक प्रकार पसरला. ७०० हून अधिक लोक आजारी पडले, चार मुले दगावली. खिम्याच्या पदार्थाचे आतले तापमान ७१ अंश सेल्सियसपर्यंत, कोंबडीचा असल्यास ७४ पर्यंत जायला हवे, असे तिथे सांगितले जाते ते यासाठीच.

आपला पातेल्यात रटरटणारा खिमा ही पातळी सहज ओलांडतो. काळजी हवी ती कबाब आणि कटलेटची. वरून खरपूस, आतून कच्चे असे ते सहज राहतात. त्याहून दुर्लक्षित धोका कोशिंबिरीचा! ज्या फळीवर मांस कापले, तिच्यावरच काकडी चिरली, तर ती काकडी शिजत नाही. कच्चे मांस नळाखाली खळाखळा धुण्यानेही जंतू जात नाहीत. शिंतोड्यांसोबत ओट्यावर पसरतात.

खाटकाच्या यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचे मांस अडकलेले असू शकते. घरी ती शंका नाही, पण पाते, जाळी आणि मळसूत्र प्रत्येक वेळी सुटे करून गरम पाणी व साबणाने धुतले आणि कोरडे केले तरच. मांसाचे तुकडे अर्धा तास फ्रीजरमध्ये घट्ट करून घेतले, की पाते स्वच्छ कापते, चरबी लिबलिबीत होत नाही. मिक्सर वापरायचा तर थोडे थोडे मांस घेऊन, थांबत थांबत फिरवावा. सलग चालवला की भांडे तापते आणि खिम्याचा लगदा होतो.

मटणाचे तुकडे फ्रिजमध्ये ३ ते ५ दिवस टिकतात, खिमा जेमतेम १ ते २ दिवस. कोंबडी तर कोणत्याही रूपात तेवढीच. जिथे वीज वारंवार जाते, तिथे हाही भरवसा धरू नये. स्वस्तात जास्त मटण मिळाले, तर तुकडेच साठवावेत आणि त्या दिवशी लागेल तेवढाच खिमा शिजवण्याच्या तोंडावर करावा.