पावती कोणाच्या नावाची?



घाटकोपर असो, मुलुंड असो की बोरिवली, आपल्या उपनगरांतल्या सप्ताहांत दामाजीपंतांची कथा अजून आवडीने ऐकली जाते. पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात थैली रिकामी करतो, टाळ्या पडतात, गजर होतो आणि मंडळी पंगतीकडे वळतात. माझे भांडण इथेच आहे. आपण चमत्कार घरी नेला आणि दामाजीपंतांना मंडपातच सोडून आलो.

पंतांनी काय केले ते नीट पाहा. मंगळवेढे तेव्हा बहामनी राज्यात होते आणि सरकारी कोठारे पंतांच्या ताब्यात होती. दुष्काळात दारी आलेली माणसे उपाशी मरत होती. पंतांनी कोठारे खुली केली. हुकूम नव्हता, आणि याची शिक्षा काय हे त्यांना ठाऊक होते.

यावर काही शहाणे विचारतात, "राजाचे धान्य वाटण्यात पुण्य कसले?" मी उलट विचारतो, ते धान्य राजाने कोणत्या शेतात पिकवले होते? ज्यांच्या घामाचे होते त्यांच्याच पोटात गेले. पंतांनी स्वतःचे म्हणून एकच ठेवले, ते म्हणजे आपले मस्तक.

आता देहूला चला. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबारायांचे घर होरपळले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. घरात सावकारी होती, कुळांची खते होती. उपाशी घराने वसुलीला निघावे हीच जगाची रीत. महाराजांनी धाकट्या भावाला, कान्होबांना, त्यांचा निम्मा वाटा दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. भावाचा हक्क बुडवला नाही, आपला सोडला. दुष्काळात कुळाला एक वेळचे जेवण दिले तर तो एक दिवस जगतो. कर्ज सोडले तर पुढच्या पावसाला त्याची जमीन त्याचीच राहते.

याच्या शेजारी १८७७ साल ठेवा. दख्खनमध्ये मोठा दुष्काळ होता. सर रिचर्ड टेंपल यांनी खडी फोडणाऱ्या माणसाची मजुरी दिवसाला एक रतल धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. सरकारचा खर्च वाचावा हा हिशेब होता. मदत तीही होती, कागदोपत्री चोख होती. पण देणाऱ्याचे काहीच पणाला लागले नव्हते, उलट घेणाऱ्याची भूक तराजूत टाकून मोजली गेली.

वारकऱ्यांनो, आपले अन्नदान यांतल्या कोणत्या बाजूला बसते? पोट भरलेल्या माणसांना आपण बुंदी वाढतो आणि मंडपाच्या तोंडाशी दात्यांचे फोटो लावतो. कथेत पैसे भरले देवाने, पण पावती लिहून घेतली दामाजीच्या नावाची. स्वतःची ओळख काय दिली, तर पंतांचा चाकर! आणि आपण साखरेच्या एका गोणीसाठी फलकावर नाव मागतो.

कोणी म्हणेल, बुवा, पंगती बंद करायच्या का? मुळीच नाही. पंगत ही आपली समतेची शाळा आहे. पण पंगतीने दान संपले असे समजू नका. तुमच्यापैकी अनेकांची गावाकडे जमीन आहे आणि ती कसणारा वाटेकरी आहे. त्याच्याकडे थकलेली उसनवारी तुमच्या वहीत आहे. पाऊस हुकला त्या वर्षी ते पान फाडा. घरकामाच्या बाईला दिलेली उचल, तिचे माणूस आजारी असताना, पगारातून कापू नका. हे कोणाला सांगू नका, सप्ताहात तर नाहीच.

नुसते उरलेले देणे म्हणजे घर आवरणे. आपला हक्क सोडणे हे दान. वहीचे ते पान फाडले की मग दामाजीपंतांची कथा खुशाल ऐका, टाळ्याही वाजवा.